ढकलायला माणूस

तिने उजव्या पायाने खालची पट्टी दाबली, दोन्ही हातांनी दांडा पुढे रेटला, आणि गाडी मिटण्याऐवजी उलटी फिरून तिच्या नडगीवर आदळली.

"लागलं का हो?" दुकानातल्या बाईंनी विचारलं. विचारण्यात काळजीपेक्षा सराव जास्त होता. त्यांनी गाडी आपल्याकडे ओढली, दांड्याखालचं कसलंसं बटण अंगठ्याने दाबलं, मनगटाला हलका झटका दिला, आणि तीच गाडी शहाण्या मुलासारखी अंग चोरून त्यांच्या पायाशी उभी राहिली. "एक हात पुरतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हातात बाळ असतं ना."

हे तिलाही ठाऊक होतं. पण आत्ता तिचे दोन्ही हात मोकळे होते आणि तरी जमत नव्हतं, म्हणून तिला बाईंचा थोडा रागच आला.

लहान मुलांच्या सामानाचं ते दुकान एका मोठ्या इमारतीच्या तळघरात होतं. भिंतीला लागून गाड्यांची रांग लावलेली होती. काही इतक्या भक्कम की त्यांतून बाळच काय, बाळाचा पाळणासुद्धा गेला असता, आणि काही इतक्या बारीक की शिंक आली तर पळतील. बाई त्यांना स्ट्रोलर म्हणत होत्या, तिचा नवरा नुसतंच गाडी म्हणत होता, आणि ती बाबागाडी म्हणत होती, कारण लहानपणापासून तिच्या घरात तोच शब्द होता. नवरा खांबाला टेकून उभा होता. त्याच्या खांद्यावर सात महिन्यांचा ठोंब्या तोंड उघडं टाकून झोपला होता. नवरा बेकरीत पाव भाजायचा, पहाटेपासून भट्टीपुढे उभा असायचा, त्यामुळे दुपारी बापलेकांपैकी कोण जास्त झोपलंय हे सांगणं अवघड जायचं.

"आता बरं की मघाशी?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

ही तिचीच नक्कल होती. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांच्या नाकावर भिंगं चढवायची, उतरवायची आणि हाच प्रश्न विचारायची. आज ती स्वतः गिऱ्हाईक झाली होती, आणि तिला कुठलंच भिंग धड लागत नव्हतं.

हवं होतं ते फार नव्हतं. गाडी हलकी हवी, एका हाताने मिटायला हवी, आणि मिटल्यावर विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावायला हवी. त्यांना आत्याकडे जायचं होतं. आत्या म्हणजे तिच्या बाबांची मोठी बहीण, बाबांची अक्का. ती समुद्रापलीकडे राहायची. वय झालं होतं, प्रवास झेपत नव्हता, आणि ठोंब्या झाल्यापासून दर फोनला एकच म्हणायची, पोराला माझ्या मांडीवर आणून टाका, मग मी काही मागणार नाही. विमानतळावरचं मैल मैल चालणं, मग रेल्वे, मग पुन्हा पूल चढून दुसरी रेल्वे. ठोंब्याला एवढं कडेवर वागवणं म्हणजे खांदे उतरवून ठेवण्याची तयारी हवी होती.

बाबा येणार नव्हते. खरं तर हा बेत त्यांच्यासाठीच आखला होता. अक्काला भेटून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, आणि बेत ठरला तेव्हा सगळ्यांत आधी हो तेच म्हणाले होते. मग महिन्याभराने म्हणाले, कुंड्यांना पाणी कोण घालणार. पाण्याची सोय झाली, तर म्हणाले शाळेच्या जुन्या मुलांचा सामना आहे, पंच म्हणून उभं राहायचंय. सामना पुढे गेला, तर घराला रंग लावायचा निघाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं ती नवऱ्याजवळ म्हणालीसुद्धा होती. बोलताना त्या म्हणीचा खरा अर्थ तिच्या डोक्यात आला नव्हता. तिला वाटत होतं, बाबांना तिच्या नवऱ्याबरोबर आठवडाभर राहायचं नसेल. बाबा चौतीस वर्षं शाळेत पीटीचे सर होते. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं. आणि नवरा कणीक मळून मळून थोडा वाकलेला. पहिल्या भेटीतच बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारून "पाठ ताठ, जावईबापू" म्हटलं होतं, आणि ते सगळे हसले होते, पण तिच्या मनात ती थाप अजून होती.

तिने पुन्हा बटण दाबलं. या वेळी गाडी मिटली. मिटलेली गाडी एका हातात तोलून धरत तिने दुसऱ्या हाताने फोन तोंडाजवळ नेला. बाबा येत नसले तरी त्यांना थोडंसं या प्रवासात ओढून ठेवावं, निदान रंग तरी त्यांना विचारावा, असं तिच्या मनात आलं. हात अडकला होता म्हणून ती फोनलाच सांगत गेली आणि फोन लिहीत गेला. बाबागाडी बघतेय. घडी होते, विमानात नेता येते. प्रवासात चालायची कटकटच नको. एकदा बसवून पट्टा लावला की पडायची भीती नाही. निळी घेऊ की करडी?

निरोप गेला. बाई पिठाची पिशवी घेऊन आल्या. बाळ झोपलेलं असेल तर त्याच्याऐवजी त्या ती पिशवी गाडीत बसवून दाखवायच्या. रांगेतल्या दुसऱ्या एका गाडीत पिशवीला बेल्ट लावून त्यांनी ती गर्रकन फिरवली, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"शिट्टे," बाबा म्हणाले. ती जन्मल्यावर जी पहिली रडली ती त्यांच्या शिट्टीच्या वरताण, म्हणून ते तिला शिट्टी म्हणायचे. "मला न विचारता तू दुकानात गेलीसच कशी?"

"बाबा, अहो..."

"थांब. मला सगळं कळतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तुझे कान भरले ना? दोनदा पडलो. दोनदाच. एकदा न्हाणीच्या दारात आणि एकदा बाहेरच्या पायऱ्यांवर. पायऱ्यांवरचं त्यांनी पाहिलं, म्हणून एवढा बोभाटा. लागलं काही नाही. डॉक्टर म्हणतो तोल जातो, या वयात जातो. बरं, जातो. म्हणून मी चाकाच्या खुर्चीत बसून अक्कासमोर जाऊ?"

तिच्या हातातली गाडी हळूहळू खाली सरकत होती.

"त्या अक्कानं मला बोट धरून चालायला शिकवलंय. अजून चारचौघांत सांगते, माझा भाऊ वाऱ्याशी पळतो म्हणून. तिच्यापुढे मला पट्टा लावून ढकलत नेणार तुम्ही?" मैदानाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला पोचणारा तो आवाज एकदम खाली आला. "मी चालत जाईन, नाहीतर जाणार नाही. सांगितलं. आणि निळी नको, करडीपण नको."

फोन बंद झाला.

तिने निरोप उघडून बघितला. बाबा आणि गाडी या दोन शब्दांमध्ये फोनने आपल्या मनाने जागा सोडली होती. बाबा गाडी बघतेय. तिने तो निरोप पहिल्यापासून पुन्हा वाचला, या वेळी बाबांच्या डोळ्यांनी. बाबा, गाडी बघतेय. चालायची कटकटच नको. बसवून पट्टा लावला की पडायची भीती नाही. एकही शब्द चुकला नव्हता. दुसरा कुणी असता तर हसून म्हणाला असता, अगं काय लिहिलंयस. पण चोराच्या मनात चांदणं. जे इतके महिने लपवून ठेवलं होतं, ते आता सगळ्यांना कळलं असं वाटायला तेवढी एक मोकळी जागा पुरली.

नवऱ्याने तिच्या खांद्यावरून निरोप वाचला आणि तो हसायला लागला. मग त्याने तिचा चेहरा बघितला.

"काय म्हणाले?"

तिने सांगितलं. त्याचं हसू विरून गेलं, आणि तो नकळत ठोंब्याच्या पाठीवर थोपटत राहिला.

तिला आता एकेक दिसायला लागलं. अलीकडे बाबा त्यांना सोडायला फाटकापर्यंत येत नव्हते, दारातूनच हात हलवायचे. घरात जाता येता भिंतीवरून बोट फिरवायचे आणि बोटाकडे बघून म्हणायचे, केवढी ही धूळ. बूट नेहमी उभ्याने घालणारा माणूस हल्ली खुर्ची ओढून घ्यायचा. हे सगळं तिने बघितलं होतं. लोकांच्या डोळ्यांतला केसाएवढा दोष शोधणाऱ्या तिला स्वतःच्या बापाची चाल बदललेली दिसली नव्हती. वर तिने त्यात नवऱ्याच्या पाठीचा वाकही शोधून काढला होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि बाबांची अशी माया आली की त्या तळघरात, पिठाच्या पिशवीसमोर, तिचे डोळे भरून आले.

आता करायचं काय? फोन करून सांगावं की अहो, ती गाडी ठोंब्यासाठी, तर बाबांना कळणार की त्यांची मूठ कुणी उघडली नव्हती, त्यांनीच उघडली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि बाबांनी तर ती जन्मभर झाकलेली ठेवली होती. मग ते येणार तर नाहीतच, वर महिनाभर फोनही उचलणार नाहीत. अक्काकडे पुन्हा कधी जाणं होईल, आणि तोवर अक्का असेल का, हे तिने मनात पुरतं म्हटलंसुद्धा नाही.

"मग ही घ्यायची ना?" बाईंनी विचारलं. "हिच्यापेक्षा हलकी माझ्याकडे नाही."

तिने मिटलेली गाडी उघडली, सरळ उभी केली, पिठाची पिशवी तिच्यात बसवली आणि दांड्यावर दोन्ही तळवे ठेवून अंगाचा भार टाकला. गाडी जागच्या जागी मागे कलली, पुढची चाकं वर उचलली गेली, आणि पिठाच्या पिशवीने छताकडे तोंड केलं.

"असं कुणी रेलत नाही हो," बाई म्हणाल्या.

"आमच्याकडे रेलतील," ती म्हणाली.

मग ती रांगेतल्या पुढच्या गाडीवर रेलली. मग त्याच्या पुढच्या. नवरा तोंडात मूग धरल्यासारखा बघत उभा राहिला. तासभर ज्या कारणांसाठी त्यांनी एकेक गाडी बाद केली होती, त्याच कारणांसाठी ती आता त्यांच्याजवळ परत जात होती. ही जड आहे, बरी आहे. हिची चाकं मोठी आहेत, छान आहे. शेवटी ती कोपऱ्यातल्या एका हिरव्या गाडीशी थांबली. तिला दोन वेगळ्या मुठी नव्हत्या, एकच आडवा जाड दांडा होता आणि ब्रेक हाताशी होता. ती रेलली, गाडी हलली नाही. तिने नवऱ्याला रेलायला सांगितलं. त्याने ठोंब्याला तिच्याकडे दिलं आणि तो रेलला. गाडी थोडी कुरकुरली, पण चाकं जमिनीवरच राहिली.

"मी सांगायचं काम करते," बाई म्हणाल्या. "प्रवासाला म्हणून आलेलं गिऱ्हाईक हिच्याकडे बघतसुद्धा नाही. मिटायला दोन हात लागतात. विमानात वर मावणार नाही, दाराशी त्यांच्या ताब्यात द्यावी लागेल. नाकापेक्षा मोती जड व्हायचा."

"दांडा खालीवर होतो का?"

"होतो."

"तू जरा वाकून उभा राहा," ती नवऱ्याला म्हणाली.

"वाकलेलाच असतो की."

"तसाच. बाबा बरोबर एवढेच आहेत."

तो नेहमीसारखा उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पाठीच्या वाकाचा कुणाला तरी उपयोग झाला. तिने दांडा त्याच्या मनगटापर्यंत आणला, एक खाच खाली घेतला, पुन्हा वर घेतला. "आता बरं की मघाशी?" तिने विचारलं. तो म्हणाला आता, आणि ते म्हणताना त्याने तिची नक्कल केली नाही.

बाई इतका वेळ एका बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी मघाची पिठाची पिशवी आणि मागून आणखी एक आणून न विचारता हिरव्या गाडीत शेजारी शेजारी ठेवल्या. "पुढे वजन असलं की आणखी बसकी राहते," त्या म्हणाल्या, आणि मग थोड्या हळू आवाजात, "आजोबा आहेत का?"

तिने मान हलवली. त्यानंतर बाईंनी हलक्या गाडीचं नाव काढलं नाही.

रविवारी सकाळी ते बाबांकडे गेले. बाबांचं घर तळमजल्यावर होतं, पण रस्त्यापासून दारापर्यंत चार पायऱ्या होत्या आणि त्यांना कठडा नव्हता. नवऱ्याने ठोंब्यासकट गाडी वर उचलून आणली. बाबांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या अंगावर धुतलेला शर्ट होता, पायांत चिकटपट्टीचे पांढरे बूट होते आणि चेहऱ्यावर भांडणाची पूर्ण तयारी होती. त्यांनी आधी गाडीची चाकं बघितली. मग पट्टा. मग पट्ट्याचं टोक चघळत बसलेला ठोंब्या.

"ही?" ते म्हणाले.

"हो. ही बाबागाडी."

बाबांच्या डोक्यात काय काय जुळत गेलं ते तिला दिसत होतं. त्यांचे कान लाल झाले.

"म्हणजे परवा मी फोनवर..."

"परवा तुमचा फोन आला खरा," ती ठोंब्याच्या तोंडातून पट्टा काढत म्हणाली, "पण ते दुकान तळघरात आहे. काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. नुसतं खरखर. निळी नको, एवढंच कळलं."

"एवढंच?"

"आणि करडी नको."

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मैदानाला फेरी पूर्ण मारली असं सांगणाऱ्या आणि झाडामागे बसून आलेल्या मुलांकडे ते असंच बघायचे. त्या मुलांपैकी एकालाही ती नजर झेपल्याचं तिला आठवत नव्हतं. तिला मात्र आज झेपवणं भाग होतं. तिने ठोंब्याच्या टोपीची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली.

"हो," बाबा शेवटी म्हणाले. "निळी नकोच होती."

चहा झाला. प्रवासाचं बोलणं निघालं ते नवऱ्यानेच काढलं, आणि ते घरून ठरवून आलेलं नाही असं तो फार सफाईने दाखवत होता. बॅगा त्याच्याकडे. तिकिटं, दूध, कपड्यांची पिशवी हिच्याकडे. गाडी घेतली खरी, पण विमानतळावर ती ढकलायला माणूसच नाही. तिसरा हात कुठून आणायचा? बाबा म्हणाले, हलकी घ्यायची होती, एका हाताने ढकलता आली असती. ती म्हणाली, हलक्या संपल्या होत्या. हे ती इतक्या पटकन म्हणाली की बाबांनी पुन्हा एकदा तिच्याकडे त्याच नजरेने बघितलं.

"मी येत नाही म्हणून सांगितलंय," ते म्हणाले.

"नका येऊ. इथे बागेपर्यंत तरी न्या त्याला. आम्ही दोघं आठवडाभर वागवून थकलोय."

यावर त्यांना नाही म्हणता येईना. नवऱ्याने गाडी खाली उतरवली. ती आधी पायऱ्या उतरली आणि रस्त्याकडे तोंड करून खांद्यावरच्या पिशवीत काहीतरी शोधत राहिली. मागे दाराला कुलूप लागल्याचा आवाज झाला. मग बुटाचा एक आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. तिचे हात पिशवीत नुसतेच फिरत होते. चौथा आवाज झाल्यावर तिने मागे बघितलं आणि म्हणाली, सापडला एकदाचा रुमाल.

बाबांनी दांड्यावर हात ठेवले. दांडा त्यांच्या हातांखाली नेमका आला. त्यांनी तो वरखाली करायला खाली बघितलं, आणि काही करावं लागलं नाही.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले.

"दुकानातून तसाच आला," नवरा म्हणाला.

"पाठ ताठ, जावईबापू. खोटं बोलताना आणखी वाकता तुम्ही."

पहिली काही पावलं टाकताना त्यांनी दांडा इतका आवळून धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली. गाडी त्यांच्या भाराने थोडी कुरकुरली, पण सरळ चालत राहिली. औषधांच्या दुकानापर्यंत त्यांची नजर चाकांवरून हलली नाही. तिथून पुढे त्यांच्या पायांना लय सापडली, मग मान वर झाली, मग ठोंब्याला पाय आपटायच्या शिस्तीवर दोन शब्द ऐकवून झाले. रस्त्याच्या पलीकडून सायकलवरच्या एका मध्यमवयीन माणसाने हाक मारली. हा त्यांचा जुना विद्यार्थी, आता पोट सुटलेला.

"सर, नातू का?"

"नातूच. ह्यांना वेळ नाही, मलाच फिरवावा लागतो."

ती आणि नवरा मागून चालत होते. बाबा पुढे चालत होते, बऱ्याच दिवसांनी भिंतीपासून दूर, रस्त्याच्या मधोमध म्हणावं इतके मोकळे. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही असं लोक नावं ठेवायला म्हणतात. तिला त्या क्षणी तो पीळ जसाच्या तसा हवा होता. नवऱ्याने तिचा हात धरला, तेव्हा तिला कळलं की ती केव्हाची मूठ आवळून चालत होती.

बागेत एक चक्कर झाली, मग बाबांच्या मनाने दुसरी झाली. ठोंब्या झोपला. परतताना तिने विचारलं, मी घेऊ का जरा गाडी. बाबा म्हणाले, राहू दे, हात बदलला की जागा होईल. तिला हे ऐकून इतकं बरं वाटलं की घर जवळ आल्याचं तिच्या लक्षातच आलं नाही.

पायऱ्यांशी बाबा थांबले. त्यांनी ब्रेक लावला, पण दांड्यावरचे हात काढले नाहीत. नवऱ्याने झोपलेल्या ठोंब्यासकट गाडी उचलायला वाकून वाट बघितली. मग बाबांनी एकेक करून दोन्ही हात सोडले. गाडी वर गेली आणि बाबांच्या पुढे, हाताला लागेल असं काहीच उरलं नाही.

तिने लगेच पाठ फिरवली आणि पिशवीत हात घातला. वर दाराशी नवराही ठोंब्याच्या टोपीत गुंतून गेला. ती वाट बघत राहिली. बुटाचा आवाज झाला नाही.

"शिट्टे."

"काय बाबा?"

"काय शोधतेयस?"

"किल्ली. दार उघडायला."

"किल्ली माझ्या खिशात आहे."

तिचा पिशवीतला हात थांबला. मागे वळून बघावं की नाही हे तिला कळेना.

"परवा सगळं ऐकू आलं होतं ना तुला?"

ती वळली. बाबा पहिल्या पायरीसमोर उभे होते, पाठ ताठ, हनुवटी वर, आणि त्यांचे दोन्ही हात अंगाजवळ घट्ट धरलेले होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"हो," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. थोडा वेळ ते त्या चार पायऱ्यांकडे बघत राहिले. मग त्यांनी उजवा हात अंगापासून सोडवून तिच्यापुढे केला.

"ये इकडे. हात दे."

तिने हात दिला. त्यांचा तळवा गार होता, आणि भार तिला वाटलं होतं त्याहून बराच जास्त होता. तिने पाय रोवले. ते दोघं एक पायरी चढले आणि थांबले, दुसरी चढले आणि थांबले. वर नवरा बघत होता आणि या वेळी त्याने तोंड फिरवलं नाही. चौथ्या पायरीनंतरही बाबांनी तिचा हात सोडला नाही. दुसऱ्या हाताने खिशातली किल्ली काढून त्यांनी ती जावयाकडे दिली.

"अक्काच्या दाराशी किती पायऱ्या आहेत, ते तिला विचारून घे," ते म्हणाले. "तूच विचार. मी विचारलं तर तिला कळेल."